भिका, मी पान उलटलं नव्हतं

भिका,

तुला जाऊन आज तेवीस दिवस झाले. जळगावच्या वाचनालयात तुझी शोकसभा झाली आणि त्यांच्या अंकासाठी माझ्याकडे लेख मागितलाय. "बाई, त्यांचं लिखाण सगळ्यांत आधी तुम्ही वाचायच्या, तुम्हीच लिहा," असं तिथले ग्रंथपाल म्हणाले. जन्म, शिक्षण, प्रवास, पुस्तकं असं सगळं त्यांनी एका कागदावर काढूनही दिलं. तो कागद मी दोन दिवस समोर घेऊन बसले. त्यात एकही चूक नाही, पण त्यात तू कुठेच नाहीस. तेव्हा मी तुझ्याशीच बोलणार आहे. त्यांना छापायचं तर छापू देत.

तूच एकदा सांगितलं होतंस, इंडोनेशियातल्या एका डोंगराळ मुलखात माणूस मेला तरी घरचे त्याला मेला म्हणत नाहीत, आजारी आहे म्हणतात. महिनोन् महिने घरातच ठेवतात, जेवणाच्या वेळी त्याचं ताट वाढतात, बाहेर जाताना त्याला सांगून जातात. मी म्हणाले होते, "वेड्यांचा बाजार आहे नुसता." तू माझ्याशी कायम अहिराणीत बोलायचास आणि मी पुस्तकी मराठीत उत्तर द्यायची. तू म्हणालास, "अक्का, तू शाळामा जातांना तुनी मायना फोटोले सांगी जास, ते काय शे मंग?" मी गप्प बसणाऱ्यातली नाही, काहीतरी उत्तर दिलंच असणार, पण आता आठवत नाही. तर सध्या तू आजारी आहेस असं मी धरून चालते. मला तुझ्याशी भांडायचं आहे आणि तुझी माफी मागायची आहे. आधी कुठलं करायचं ते कळत नाही.

सुरुवात तुझ्या नावापासून करते, कारण तूही ओळख करून देताना तिथूनच सुरू करायचास. तुझ्याआधीची दोन भावंडं गेली म्हणून तुझ्या आईने तुला जन्मल्याबरोबर सुपात घालून शेजारणीच्या हाती दिलं आणि पदर पसरून तिच्याकडून भीक म्हणून परत घेतलं. नाव ठेवलं भिका. भडगावच्या शेतकऱ्याच्या घरात त्यात नवल काही नव्हतं. तू मात्र जगभर सांगत फिरलास की माझी सुरुवातच मंतर-तंतराने झाली, मग मी दुसरं काय लिहू? आमच्या घरात बुद्धवंदना व्हायची, अंगात कुणाच्या येत नव्हतं. डी.एड.ला जळगावला आपण एका बाकावर आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात आपलं भूत या विषयावरून भांडण झालं. मी तुझ्यापेक्षा वर्षाने मोठी, तेवढ्या हक्कावर तू मला अक्का म्हणायला लागलास आणि ते भांडण चाळीस वर्षं चाललं.

मी फैजपूरला भूगोल शिकवत राहिले. तू सात वर्षं मास्तरकी केलीस आणि एक दिवस सावद्याहून केळीच्या ट्रकमध्ये बसून दिल्लीला गेलास तो परत शाळेत आलाच नाहीस. ट्रकवाल्यांना तुझ्या गोष्टी आवडायच्या. दिल्ली, पंजाब, पार काश्मीरपर्यंत तू केळीच्या घडांसोबत गेलास आणि तिथून पुढे मिळेल त्याने, मिळेल तिथे. नेपाळातल्या झाँक्र्यांबरोबर, म्हणजे तिथल्या भगतांबरोबर, महिना काढलास, कामरूपात जादू शिकवणारा गुरू शोधत हिंडलास, कुठल्या कुठल्या बेटावर आगीवरून चालणाऱ्यांच्या पाठोपाठ चाललास आणि तळपायाला फोड घेऊन आलास. "अक्का, भूत शे का नही, ते भूतले ठाऊक. मानसे कोनले भ्यातस ते मले देखनं शे." हे तुझं पालुपद. मला ते पळवाट वाटायचं. अजूनही थोडं वाटतं.

आपली काम करायची पद्धत इतरांना सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तुला कोरा कागद विकत घेणं पटायचं नाही. मी शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे तुला द्यायची, एका बाजूला छापलेले, दुसऱ्या बाजूला कोरे. त्या कोऱ्या बाजूवर तू लिहायचास, तेही समास न सोडता, मुंगी शिरणार नाही असं. आणि गावांची नावं तुझ्या कधी लक्षात राहायची नाहीत. नावाच्या जागी तू ठिपके द्यायचास. "तू भर अक्का, तू भूगोलनी बाई शे." जाण्यापूर्वी तू माझ्याच टेबलावर नकाशा पसरून रस्ता ठरवलेला असायचा, त्यामुळे मला सगळं ठाऊक असे. पक्की प्रत मी करायची, कच्चे कागद माझ्याच कपाटात राहायचे, ठिपके मी भरायची, प्रुफंही बहुतेक मीच तपासायची, कारण तू तोवर पुढच्या मुलखाला लागलेला असायचास.

कधी कधी मी ठिपक्यांपेक्षा जास्तही भरायची. यावलजवळच्या त्या मुंजाच्या पिंपळाची गोष्ट घे. केळी कापणाऱ्या बाया दुपारी बाराला त्या बांधावरून जात नाहीत, म्हणून तू मला बरोबर बाराला तिथे नेलंस. मी पिंपळाखाली बसून कळण्याची भाकरी आणि भरीत पोटभर जेवले. तू घासही घेतला नाहीस, सारखं वर बघत होतास. कावळ्याने वरून काहीतरी टाकलं आणि तू जो उडालास तो थेट पाटाच्या पाण्यात. पुस्तकात तू लिहिलंस, 'माझ्यासोबत एक निर्भय बाई होती.' पडल्याचं अक्षर नाही. मी पक्की प्रत करताना एक वाक्य घातलं, 'त्यानंतर लेखक पाटात पडला.' छापील पुस्तकात ते वाचून तू इतका हसलास की तुला ठसका लागला. तुझ्या लिखाणात मला असं कुठेही शिरता येत होतं.

आता त्या बाईकडे येते.

धुळे जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एक गाव. एकटी राहणारी विधवा बाई. विंचू उतरवायची, लेकरांची दृष्ट काढायची, अडलेल्या बाळंतिणीला सोडवायची. कामापुरते लोक तिच्याकडे जायचे आणि पाठीमागे तिला डाकीण म्हणायचे. तू तिच्या ओट्यावर नऊ दिवस राहिलास, तिला माय म्हणायला लागलास. तुझ्या चौथ्या पुस्तकातलं ते प्रकरण तुझ्या लिखाणात मला सगळ्यात जास्त आवडतं. ज्या घरी बाळंतपण केलं त्या घरच्या लग्नाला तिला बोलावणं नाही, म्हणून ती मांडवाबाहेरून अक्षता टाकते, ते पान लिहून काढताना माझ्या चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या होत्या.

पुस्तक निघालं. त्यात गावाचं नाव होतं. वर्षभरात तिथे गाड्या यायला लागल्या. कुणाला वशीकरण हवं, कुणाला गुप्तधन, पोरं मोबाइल घेऊन तिच्या दारात शूटिंग करायला. गाव वैतागलं. मग शेजाऱ्याचा बैल दगावला आणि बोट तिच्याकडे गेलं. पूर्वी कुजबुज होती, आता पुरावा होता. "पुस्तकात छापेल शे," असं म्हणून लोकांनी तिला भरदिवसा घराबाहेर काढलं. माझी एक जुनी विद्यार्थिनी त्या भागात नर्स आहे, तिने मला हे सांगितलं.

तू आलास त्या दिवशी मी तुला आत ये म्हटलं नाही. ओट्यावरच उभं करून बोलले. बोलले कसली, सोलून काढलं. "जगभरच्या भुतांना सांभाळून घेतोस, एका म्हातारीचं गाव तुला झाकता आलं नाही? तुला नाव व्हायला हवं होतं म्हणून तिच्या गावाचं नाव छापलंस ना?" तू चपलांकडे बघत होतास. मग म्हणालास, "चुकनं, अक्का." बस्स. एवढंच. मला वाटलं, कोडगा आहे, दोन शब्दांत उरकतो.

तेवढ्यावर मी थांबले असते तरी चाललं असतं. तुझ्या पुढच्या पुस्तकाच्या कार्यक्रमात, जळगावच्या वाचनालयाच्या भरल्या सभागृहात, मी प्रश्न विचारायला उभी राहिले आणि म्हणाले, "ज्या लेखकाला माणसं सांभाळता येत नाहीत, त्याने माणसांबद्दल लिहू नये." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या आवडल्या, भिका, हे आज कबूल करते. तू स्टेजवरून माइक जवळ ओढलास आणि म्हणालास, "बरोबर शे अक्कानं." त्यानंतर अकरा वर्षं तू येत राहिलास, ठिपके भरायला कागद देत राहिलास, आणि मी दर दोन-चार महिन्यांनी तुला ती म्हातारी ऐकवत राहिले. मीच तुझी पक्की प्रत करायची आणि मीच तुझा न्याय करायची.

मग हा फाल्गुन आला. इतक्या जंगलांतून, इतक्या तापांतून निभावलास आणि शेवटी जळगावच्या दवाखान्यात साध्या न्यूमोनियाने धरलं. दुपारी मी डब्यात खिचडी घेऊन आले होते. ऑक्सिजनची नळी बाजूला करून तू म्हणालास, "अक्का, त्या कच्चा कागद चुल्हामा घाली दे. एक बी ठेवू नको." मला वाटलं, तुझं काहीतरी असेल, कागदांत कुणाचे मंत्र लिहिलेले असतील, उघड्यावर पडू नयेत असा काही नेम असेल. मी म्हणाले, "मंत्रबिंत्र मी मानत नाही, आणि कागद मी जाळत नसते." तू डोळे मिटलेस. आपलं शेवटचं बोलणं हेच. तिसऱ्या दिवशी तू गेलास.

दहाव्याला मी भडगावला आले. गिरणेच्या काठी सगळे जमले होते. बाजूला हनुवटीवर गोंदण असलेली एक म्हातारी बसली होती. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं, पण ते गोंदण मी तुझ्या प्रकरणातून माझ्या हाताने लिहून काढलं होतं. तुझे मोठे भाऊ, आबा, म्हणाले, "ही आमनी बहीनच समजा. दर आखाजीले भिका तिले लेवाले जाये."

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, त्यांना आणायला घरचा कुणीतरी मुराळी म्हणून जातो, झोके बांधतात, गाणी होतात. घरातून हाकललेल्या त्या बाईला तू अकरा वर्षं मुराळी होऊन भडगावला आणत होतास. तिच्या भाचीने तिला आसरा दिला होता, आणि माहेर तू दिलं होतंस. मला तू यातलं अक्षर सांगितलं नाहीस. मी विचारलंही नव्हतं, मी फक्त ऐकवत होते.

मी तिच्याजवळ गेले, हात जोडले आणि मोठेपणाने म्हणाले, "आमच्या भावाचं चुकलं, त्याला माफ करा." ती म्हणाली, "तो बी हाईच सांगे. दरसाल सांगे, माय, मनं चुकनं. ऐकीऐकी मना कान पिकनात."

घरी आले. प्रकाशकांना चौथ्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची आहे, म्हणून तू जाळायला सांगितलेला गठ्ठा मी सोडला. ते प्रकरण काढलं. ठिपके होते. नेहमीसारखेच ठिपके, आणि शेवटी कागदाच्या कडेकडे जाणारा एक लहानसा बाण. म्हणजे नाव तू लिहिलेलंच नव्हतंस. मी भरलं होतं. बाकीची साठ-सत्तर नावं भरली तसं सवयीने भरून मोकळी झाले होते आणि विसरले होते. खरंच विसरले होते की विसरणं सोयीचं होतं, हे मला सांगता येत नाही. तो बाण तेव्हाही मला दिसला असणार. पेन घसरलं असं वाटलं असेल.

मी पान उलटलं. मागे माझीच सहामाहीची प्रश्नपत्रिका. प्रश्न चौथा, 'सोबतच्या नकाशात पुढील ठिकाणे भरा.' त्याखाली पेन्सिलीने तुझं अक्षर: "अक्का, आठे ठिपकाच राहू दे. गावनं नाव भरू नको. बाईले तरास व्हई."

तीस वर्षं मी परीक्षेच्या हॉलमध्ये ओरडत आले, "पान उलटा, मागेही प्रश्न आहेत." ज्याने उलटलं नाही त्याचे मार्क कापले, रडला तरी कापले. प्रश्नपत्रिका माझीच, मला पाठ असलेली, तिच्यामागे काय बघायचं म्हणून मी उलटली नाही.

आणि मग मला ती सकाळ आठवली. पुस्तक छापून आलं तेव्हा तू परदेशातून परत येऊन थेट फैजपूरला आला होतास. हातात प्रत होती. तू एकच पान सारखं उघडत होतास आणि मिटत होतास. मी विचारलं, "कसं झालंय?" तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "चांगलं व्हयनं, अक्का." चहा अर्धा ठेवून गेलास. त्याच वेळी मला सांगितलं असतंस तर मी तेव्हाच धावपळ केली असती, प्रकाशकाला गाठलं असतं, निदान राहिलेल्या प्रती अडवल्या असत्या. हे माझं तुझ्याशी भांडण आहे, भिका, आणि ते मी सोडणार नाही. मला वाचवताना तू तिला वाचवायची वेळ घालवलीस. इतकी का मी नाजूक होते? की तुला वाटलं, हिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, स्वतःची निघाली तर ही उभी राहणार नाही? तसं वाटलं असेल तर तू मला ओळखत होतास, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. भर सभेत मी तुला बोलले तेव्हा तुझ्या खिशात उत्तर होतं. तू ते काढलं नाहीस. मरताना ते जाळायला सांगितलंस.

परवा मी तिच्याकडे जाऊन आले. कुठे ते लिहीत नाही. बाजेवर बिबडे, ज्वारीचे पापड, वाळत घातले होते आणि ती कडेला बसून राखण करत होती. मी तो कागद काढला, मागची बाजू वाचून दाखवली आणि सांगितलं, "नाव त्याने नव्हतं टाकलं. मी टाकलं."

तिने दोन बिबडे उलटले. मग म्हणाली, "मंग तो मनासंगे खोटं बोलना? अकरा साल?"

"हो."

"तुनाकरता?"

"हो."

"येडा व्हता," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिने हात वर केला. "मनं घर पडी गयं. ते ना तो बांधी देता, ना तू बांधी देशी. ते बोलू नको."

 आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी गप्प केलं आणि मी राहिले. ऊन सरकलं तशी आम्ही दोघींनी बाज धरून सावलीतून पुढे उन्हात ओढली. मग ती एकदम म्हणाली, "आखाजी कव्हय शे?"

"अठरा दिवस आहेत."

"औंदा मले लेवाले कोन येई?"

हे ती मला विचारत नव्हती, उन्हाकडे बघत स्वतःशीच म्हणाली. आबा थकलेत, त्यांना गुडघ्यांनी चालवत नाही. मी म्हणाले, "मी येईन. फैजपूरला, माझ्याकडे."

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. तूच तिला कधी सांगितलं असशील, ही बाई देव मानत नाही, काही मानत नाही. ती एवढंच म्हणाली, "तुना घर झोका शे का?"

आल्या दिवशीच मी शेजारच्या सुताराला बोलावून अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधून घेतला. दोर जाड घेतलाय, दोघी बसलो तरी तुटायचा नाही. नव्या आवृत्तीत गावाच्या जागी ठिपके जातील आणि मागच्या पानावर माझ्या नावाने खुलासा जाईल. जुन्या प्रती लोकांच्या घरांत आहेत, त्यांचं मी काही करू शकत नाही. ज्या वाचनालयाच्या सभागृहात तुला बोलले त्याच्याच अंकात हे छापून येऊ दे, एवढंच मी ग्रंथपालांना सांगितलंय. त्यांनी फोनवर विचारलं, "बाई, गावाचं नाव राहून गेलंय का?" मी म्हटलं, राहू द्या.

कागद मी जाळलेले नाहीत, जाळणारही नाही. तुझा तो केळीच्या ट्रकवर बसलेला फोटो आईच्या फोटोशेजारी लावलाय. भूत आहे असं मी अजूनही म्हणत नाही. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळच्या एसटीने मायला आणायला निघेन. निघताना तुला सांगून जाईन.